मागच्या चाकाला कळलेले वजन

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे, तेही सायकलचे मागचे. पुढच्या चाकाला वळणे कळतात, मला भार कळतो. आज मी एका सायकल दुकानाच्या मागच्या भिंतीवर, खिळ्याला टांगलेले आहे. माझा आकार आता गोल राहिलेला नाही. भिजून वाळलेला पुठ्ठा एका बाजूला वर उचलला जातो आणि दुसऱ्या बाजूला खाली जातो, तसे माझे झाले आहे. माझ्या अंगातून काही तुटके स्पोक लोंबतात. मागचे दार उघडले की वारा आत येतो आणि ते एकमेकांवर हळूच आपटतात. त्या आवाजाने माझ्या अंगावर आजही काटा येतो.

माझा जन्म याच दुकानात झाला. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे चाकवाल्या ताई म्हणत. त्या मांडीवर हब घेऊन बसत, एकेक स्पोक त्यात ओवत, एकमेकांवरून नेत आणि रिमला जोडत. मग चाक लोखंडी घोडीवर चढवून चावीने थोडे थोडे आवळत आणि त्याचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढत. शेवटी डोळे मिटून प्रत्येक स्पोक बोटाने छेडत. एखादा बेसूर वाजला की मान हलवत आणि पुन्हा चावी उचलत. माझ्यावर त्यांनी फार मेहनत घेतली होती. सायकलच्या शर्यतीत उतरणाऱ्या एका सडपातळ मुलीने मला मुद्दाम बनवून घेतले होते. तिच्या अंगात वजन असे नव्हतेच, म्हणून माझ्यात चोवीसच स्पोक होते. चपटे, काळे, चकचकीत. मी फिरू लागले की ते दिसेनासे होत आणि नुसती मंद सळसळ ऐकू येई.

पण ती मुलगी दुसऱ्या गावी निघून गेली आणि मला न्यायला आलीच नाही. ताईंनी मला दर्शनी काचेत टांगले. येणारे-जाणारे थांबून माझ्याकडे बघत. "काय देखणं चाक आहे!" असे म्हणत. ते ऐकून मी सुखावत असे. देखणे असणे आणि उपयोगाचे असणे यातला फरक तेव्हा मला ठाऊक नव्हता.

तो मी तुम्हाला आधीच सांगते. सायकलवर बसलेल्या माणसाला वाटते, आपण सीटवर बसलो आहोत. खरे म्हणजे तो चाकाच्या स्पोकच्या ताणावर विसंबून असतो. चाक एकदा फिरले की प्रत्येक स्पोक खाली येताना किंचित सैल होतो आणि वर जाताना पुन्हा ताणला जातो. सैल, ताठ, सैल, ताठ. दिवसभर हेच. भार बेताचा असेल तर तार हे वर्षानुवर्षे सोसते. भार जास्त आणि स्पोक कमी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा हेलकावा मोठा असतो. तार त्याने थकते. थकलेली तार बाहेरून मुळीच वेगळी दिसत नाही. तशीच चकचकीत दिसते.

एका सकाळी दोघे जण दुकानात आले. पुढे एक उंच, काटकुळे म्हातारे गृहस्थ होते. ते निवृत्त बस कंडक्टर होते आणि त्यांचा आवाज अजूनही बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा होता. त्यांच्या मागून, दारातून जरा तिरके होत, त्यांचे जावई आत आले. जावई म्हणजे भलामोठा माणूस. रुंद पाठ, मोठे पोट, जाड मान. हात मात्र घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखे हलके आणि स्थिर. ते वजनकाटे दुरुस्त करत, तपासून देत. गावभर त्यांना काटेवाले म्हणत.

"ताई, आमच्या जावईबापूंच्या सायकलचं मागचं चाक गेलं," सासरे म्हणाले. "गेलं म्हणजे काय, सुटलं बिचारं एकदाचं. हे माझ्या बसमध्ये चढले असते ना, तर मी दोन तिकिटं फाडली असती."

पंक्चर काढायला थांबलेले एक गिऱ्हाईक हसले. काटेवालेही हसले. पण मी काचेत टांगलेले होते आणि त्यांचा चेहरा माझ्या अगदी समोर होता. ते हसणे ओठांच्या वर गेले नाही.

"नवीन चाक मी देतोय, माझ्याकडून भेट," सासरे पुढे म्हणाले. "तुम्ही फक्त चांगलं दाखवा."

ताईंनी हात पुसले. "वजन किती तुमचं?" त्यांनी काटेवाल्यांना विचारले.

चपलेच्या दुकानात माप विचारावे इतक्या सहज त्यांनी ते विचारले होते. पण सगळ्यांचे कान टवकारले. पंक्चरवाल्या गिऱ्हाइकाने मान वर केली. सासऱ्यांच्या भुवया उंचावल्या. पुढचा विनोद त्यांच्या जिभेवर तयारच होता. काटेवाले कोपऱ्यातल्या पंपाकडे बघत राहिले.

"असेल नव्वदच्या आसपास."

"असेल?" सासरे म्हणाले. "अहो, तुम्ही सगळ्या गावाला ग्रॅमपर्यंत वजन सांगता आणि स्वतःचं 'असेल'? का काट्यानंच राजीनामा दिला?"

ताईंनी काटेवाल्यांना वरपासून खालपर्यंत एकदा पाहिले. त्यांना ते पटले नसावे. पण चार माणसांदेखत गिऱ्हाइकाला खोटे कसे पाडायचे? त्यांनी दुसरे विचारले, "मागे कॅरिअरवर सामान असतं?"

"एखादी पेटी. कधीमधी."

"मग छत्तीस स्पोकचं बांधून देते. जड माणूस असला की..." ताई अडखळल्या. "म्हणजे, मागे सामान असलं की स्पोक जास्त हवेत. ओढ सगळ्यांत वाटली जाते. एखादा तुटला तरी बाकीचे सांभाळून घरी आणतात."

एवढ्यात सासऱ्यांची नजर माझ्यावर पडली. "हे काय झकास टांगलंय! हेच द्या ना. चाक तरी हलकं असू दे. तेवढेच हलके व्हाल, जावईबापू."

"ते नको," ताई पटकन म्हणाल्या. "ते चोवीस स्पोकचं आहे. एका हडकुळ्या पोरीसाठी केलंय. तुमच्या अंगाला ते..."

त्यांनी वाक्य अर्धेच सोडले, पण पंक्चरवाले गिऱ्हाईक पुन्हा हसले. काटेवाल्यांचे कान लाल झाले.

"हेच बसवा," ते म्हणाले.

"अहो, पण मी काय सांगतेय..."

"नव्वद सांगितलंय ना मी? हेच बसवा."

मित्रांनो, त्या क्षणी त्यांना माझे रूप आवडले होते असे मला वाटत नाही. त्यांना त्या दुकानातून फक्त बाहेर पडायचे होते. नाइलाजाने ताईंनी मला खाली उतरवले. सायकलला बसवताना त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "दोन गोष्टी ऐका. थोडं चालवलंत की परत आणा, मी ताण बघते. आणि मागून टिंग असा आवाज आला तर त्याच जागी उतरा. पुढच्या कोपऱ्यापर्यंत जाऊ, असं म्हणू नका."

काटेवाल्यांनी मान हलवली. त्यांचे लक्ष दाराकडे होते.

दुकानाबाहेर ते सायकलवर बसले आणि मला सगळे कळले. नव्वद नव्हते. शंभरही नव्हते. माणसांशी खोटे बोलता येते, चाकाशी येत नाही. माझे चोवीसच्या चोवीस स्पोक एकदम कण्हले. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता. कुणालाही ते ऐकू गेले नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर पेटी आली. लाकडाची, लोखंडी कडांची. तिच्यात काटे तपासायची वजने होती. मोठी गोल लोखंडी वजने खालच्या खणात आणि बोटाएवढी पितळी वजने वरच्या मखमली खाचांत. 'कधीमधी' असलेली ती पेटी रोजच असायची.

तरी मी खोटे सांगणार नाही, ते सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. मी हलके होते, त्यामुळे सायकल भराभर निघे. काटेवाले चढावर न उतरता जाऊ लागले. त्यांना नवल वाटे. घरी आल्यावर ते मला फडक्याने पुसत आणि एका बोटाने फिरवून सळसळ ऐकत. मी त्यांच्याइतका प्रामाणिक कारागीर पाहिलेला नाही. गिऱ्हाइकाच्या दुकानात ते आधी काट्याखाली पाणसळ ठेवून जमीन सरळ आहे का बघत, मग श्वास रोखून वजन ठेवत. काटा केसभर जरी झुकला तरी पुन्हा सुरुवात. एखादा दुकानदार म्हणे, "चालतंय हो तेवढं." त्यावर ते म्हणत, "तेवढं कुणाच्या तरी पिशवीतून जातं." मला त्यांचा अभिमान वाटे. आणि त्याच वेळी भीतीही वाटे.

एकदा ते एका दवाखान्यात गेले. मला व्हरांड्यात, उघड्या खिडकीखाली टेकवून ठेवले होते. आत त्यांनी तान्ह्या मुलांचा काटा नीट केला, मग मोठ्या माणसांचा. नर्सबाई म्हणाल्या, "काटेवाले, ती वजनं कशाला उचलून दमताय? स्वतःच उभे राहा की. लगेच कळेल बरोबर दाखवतोय का."

"माणसाचं वजन रोज बदलतं. त्यावर काटा तपासत नाहीत," ते म्हणाले.

बोलणे अगदी बरोबर होते. पण बाहेर येऊन ते माझ्यावर बसले तेव्हा त्यांचा श्वास जोरात चालला होता, जणू कुणाच्या तावडीतून निसटून आले आहेत.

त्यांची बायको घरी शिवणकाम करत असे. शाळांचे, कारखान्यांचे गणवेश ती शिवायची. यंत्राजवळची खिडकी अंगणात उघडत असे आणि मी अंगणातच उभे असे. नवरा कामाला गेला की ती त्याचे सदरे काढी, बाजूच्या शिवणी उसवी आणि आत दुमडलेले कापड बोटभर मोकळे करून पुन्हा टीप मारी. मग सदरा होता तसाच घडी घालून ठेवी. त्याला ती काही सांगत नसे. आपले कपडे आपल्याला बरोबर होतात असे त्याला वाटे.

एके दुपारी गटाराच्या जाळीवरून जाताना माझ्या उजव्या अंगाला, साखळीच्या बाजूला, एक स्पोक मुळाशी तुटला.

टिंग.

आवाज लहानसा होता. चमचा फरशीवर पडावा तेवढाच. पण माझ्या साऱ्या अंगातून कळ गेली. चोवीसातला एक जाणे म्हणजे पुढचा दात पडण्यासारखे आहे. फट लगेच दिसते. शेजारच्या स्पोकवर त्याची ओढ आली, मी एका बाजूला झुकले आणि फिरताना ब्रेकला घासू लागले.

काटेवाले उतरले. वाकून बघितले. आता हे ताईंकडे नेतील, मी मनाशी म्हटले. त्यांना ताईंची आठवण झाली असावी, कारण ते दुकानाच्या दिशेने वळलेही. मग मध्येच थांबले. ताई पुन्हा तेच विचारणार होत्या, नाही का? त्यांनी तुटका स्पोक शेजारच्या स्पोकला तारेने गुंडाळला. मग खिशातला पाना काढून मागचा ब्रेक सैल केला, म्हणजे मी घासणार नाही.

मित्रांनो, घासणे ही माझी ओरड होती. त्यांनी मला बरे केले नाही, नुसते गप्प केले. आणि त्यापायी ब्रेक गेला.

पुढे त्यांनी कुठूनतरी सुटा स्पोक आणून घरीच बसवला. हात कसबी होता, मी वरवर सरळ झालेही. पण बाकीचे तेवीस आतून थकलेलेच होते. काही आठवड्यांनी दुसरा तुटला. तो त्यांनी तसाच ठेवला.

"काय होतंय त्या चाकाला सारखं?" बायकोने खिडकीतून विचारले.

"काही नाही. जरासा आऊट आहे."

"ताईंकडे न्या की."

"वेळ कुठेय?"

ती काहीतरी बोलणार होती. तिने ओठांत धरलेल्या टाचण्या काढल्याही. मग त्या पुन्हा ओठांत धरल्या आणि यंत्र चालू केले.

आता त्या दिवसाचे सांगते.

सासरे वरच्या आळीत, टेकडीवर राहत. त्यांना खालच्या भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचे होते. नेमकी त्या दिवशी बस बंद होती, आणि त्यांचे गुडघे उतार उतरू देत नव्हते. "मी नेतो बाबांना," काटेवाले बायकोला म्हणाले. वाटेत एका धान्याच्या दुकानी काम होते, म्हणून पेटीही घेतली. ती त्यांनी पट्ट्याने पुढे हँडलला अडकवली. मागे कॅरिअरवर सासरे दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसले.

"जपून हो जावईबापू," ते म्हणाले. "तुम्ही पडलात तर रस्ता दुरुस्त करावा लागेल."

काटेवाल्यांनी पायडल मारले. आम्ही निघालो. टेकडीचा रस्ता आधी सौम्य उतरतो. मग एक वळण येते आणि त्यानंतर तो सरळ खाली, चौकात जाऊन पडतो. मला तो उतार ठाऊक होता. एरवी त्या वळणावर काटेवाले मागचा ब्रेक दाबत. आता तो दाबण्यासारखा राहिला नव्हता.

सौम्य उतारावरच तिसरा तुटला. टिंग.

"काहीतरी तुटलं हो," सासरे म्हणाले.

"काही नाही बाबा. खडा उडाला असेल."

"खडा असा वाजत नाही. थांबवा जरा."

"वळणापुढे सपाट जागा आहे. तिथे बघतो."

वळणापुढे सपाट जागा नव्हती, हे दोघांनाही माहीत होते. मला वाटते, म्हाताऱ्या माणसासमोर उतरून, वाकून, धापा टाकत तुटक्या स्पोककडे बघत उभे राहणे त्यांना नको होते. एवढ्याशा गोष्टीसाठी ते पुढे गेले.

चौथा आणि पाचवा एकापाठोपाठ तुटले. आता मी डावीउजवीकडे डुलत होते आणि माझ्याबरोबर सगळी सायकल शेपटीसारखी हलत होती. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी जावयाची कंबर धरली. ते आता विनोद करत नव्हते. "थांबवा," एवढेच म्हणत होते. "अहो, थांबवा." काटेवाल्यांनी मागचा ब्रेक दाबला. तो हवेतच बंद झाला. त्यांनी पुढचा दाबला. सायकल तिरकी झाली आणि सगळा भार आडवा माझ्यावर आला.

चाकाला उभा भार सोसतो, मित्रांनो. आडवा सोसत नाही. मी कोलमडले.

एवढेच मला सांगता येते. एका क्षणी मी गोल होते, दुसऱ्या क्षणी नव्हते. काटेवाले उजव्या हातावर पडले. सासरे पदपथाच्या कडेवर कमरेने आपटले. पेटीचा पट्टा तुटला, झाकण उघडले आणि ती मोठी गोल वजने उतारावरून घरंगळत निघाली. दगडावर लोखंड वाजत गेले. खाली एका पायरीवर एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. तिने आवाज ऐकला, मूल उचलले आणि बाजूला झाली. ती बसली होती त्याच पायरीवर वजन येऊन आदळले आणि दगडाचा कपचा उडाला.

 माझे उरलेले स्पोक तेवढे थरथरत होते.

"बाबा," काटेवाले ओरडले. "बाबा!"

सासऱ्यांनी डोळे उघडले. "तुम्हाला लागलं का?" त्यांनी विचारले. मग उठायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो मी कधी विसरणार नाही.

त्यांच्या कमरेचे हाड मोडले होते. शस्त्रक्रिया झाली, आणि दवाखान्यातून ते मुलीच्याच घरी आले. पुढच्या खोलीत त्यांची खाट मांडली. मला कुणीतरी हातगाडीवरून आणून बाहेरच्या बोळात भिंतीशी उभे केले होते. तिथून खोलीतले सगळे ऐकू येई. पण ऐकण्यासारखे काही नव्हतेच. सासरे बोलेनासे झाले होते. पाणी हवे, उशी हवी, एवढेच बोलत. 'जावईबापू' हा शब्द त्या घरातून गेला. काटेवाल्यांचे मनगट प्लास्टरमध्ये होते. ते दिवसभर आपल्या कामाच्या खोलीत बसून राहत. मला त्या शांततेची त्या उतारापेक्षा जास्त भीती वाटे.

एके दुपारी सासऱ्यांनीच तोंड उघडले. "त्या बाईनं वजन विचारलं होतं. खरं का नाही सांगितलंत?"

 मग काटेवाले म्हणाले, "तुम्ही समोर होतात."

"मी गंमत करत होतो हो."

"माहीत आहे बाबा. लग्नाच्या दिवसापासून करताय. मीही हसतच होतो."

सासऱ्यांनी तोंड खिडकीकडे वळवले. त्यांनी माफी मागितली नाही. काटेवाल्यांनीही नाही. कुणी कुणाची मागायची, हे मी चाक काय सांगणार?

शिवणाचे यंत्र थांबले. बायको दारात आली. गळ्यात मापाची पट्टी तशीच होती. "झालं तुमचं?" ती म्हणाली. "आता माझंही ऐका. मी दर वर्षी तुमच्या सदऱ्यांच्या शिवणी उसवत आले. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. कापड संपत आलंय आता. आत दुमडलेलं काही उरलं नाही सोडायला." एवढे बोलून ती रडू लागली. उभ्या उभ्याच, तोंड न झाकता.

काटेवाले उठले. कामाच्या खोलीत धान्याची पोती तोलायचा मोठा काटा दुरुस्तीला आलेला होता. बोळातून मला तो दिसत होता. डाव्या हाताने त्यांनी पाणसळ ठेवली, एकेक वजन चढवून काटा बरोबर असल्याची खात्री केली, वजने उतरवली. मग चपला काढल्या आणि स्वतः चढले. खाली आकड्याकडे बघितले. एखाद्या दुकानदाराच्या मालाकडे बघावे तसे शांतपणे, दोनदा.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको ताईंच्या दुकानात आले. मला बायकोने खांद्यावर घेतले होते. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइके होती. ताईंनी मला पाहिले आणि हातातली चावी खाली ठेवली.

"म्हाताऱ्या काकांना..." त्यांनी विचारले.

"आहेत. चालतील आधार घेऊन, असं डॉक्टर म्हणतात." काटेवाल्यांनी घसा साफ केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझं वजन एकशे सव्वीस किलो आहे. पेटीचं बत्तीस. ती रोज असते. चाक हवंय."

मित्रांनो, कुणीही हसले नाही. एक माणूस टायर चाचपत होता, त्याने मान वरसुद्धा केली नाही. इतकी वर्षे ज्या आकड्याला ते भीत होते तो सांगून झाला होता आणि दुकानात काहीही घडले नव्हते.

"बरं," ताई म्हणाल्या. "मग चाळीस स्पोक. रिम रुंद, तारा जाड. दिसायला ओबडधोबड असेल."

"असू दे."

ताई माझ्या तुटक्या स्पोकवरून बोट फिरवत राहिल्या. "मी त्या दिवशी असं चारचौघांत विचारायला नको होतं," त्या म्हणाल्या. "आणि खरं वाटलं नाही तर चाक द्यायलाही नको होतं."

ते चाळीस स्पोकचे चाक आजही चालते आहे. काटेवाले दर काही महिन्यांनी ते दाखवायला आणतात, न बोलावता. सासरे आता चार पायांची काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. उंबऱ्याबाहेर फारसे येत नाहीत. ते पूर्वीसारखे बोलत नाहीत, आणि त्यांच्या मुलीला त्यांच्या विनोदांची फार आठवण येते, असे ती एकदा ताईंना म्हणाली. मोडलेले सगळेच काही सरळ होत नाही.

मला ताईंनी मोडीत दिले नाही. इथे मागच्या भिंतीवर टांगले. आता कुणी चाक घ्यायला आले की त्या त्याला बाजूला, माझ्यापाशी आणतात आणि हळूच विचारतात, "वजन किती? मागे कोण बसतं? काय नेता?" बहुतेक जण माझ्याकडे बघतात आणि खरे सांगतात.

म्हणून तुम्हालाही माझी विनंती आहे. चाक निवडताना त्याच्या रूपावर जाऊ नका. वजन सांगाल ते खरे सांगा, सामानासकट आणि मागे बसणाऱ्यासकट सांगा. अंग जड असेल तर स्पोक जास्त घ्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्याच्या जाडेपणावरून घरात हसता, त्याला कधीतरी गंभीरपणे विचारा, बाबा रे, तुला हे बोचते का? आणि मागून तो लहानसा आवाज आला तर त्याच जागी उतरा. चाक ओरडते तेव्हा त्याचा ब्रेक सैल करू नका.

सगळेच ऐकत नाहीत. कालच एक रुंद खांद्यांचे गृहस्थ आले होते. कॅरिअरवर मुलीला बसवायची छोटी गादी होती. ताईंनी त्यांना इथे आणून हळूच विचारले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग पंपाच्या दिशेने बघत म्हणाले, "असेल ऐंशीच्या आसपास."

ताईंनी पुन्हा विचारले. चाक देत नाही, असेही सांगितले. ते गृहस्थ रागावले आणि आपल्या जुन्याच चाकावर निघून गेले. त्यांची सायकल मागच्या बोळातून गेली तेव्हा मी कान देऊन ऐकत होते. त्यांच्या मागच्या चाकात, साखळीच्या बाजूला, एक स्पोक सैल झालेला आहे.